पेन्सिलची रेघ पुसायची की नाही?

गेल्या वर्षी जयंतीला आम्ही वस्तीतल्या पोरांनी महाडच्या सत्याग्रहावर बारा फलक केले. ज्याने त्याने आपापल्या घरी रंगवले. विहारात ओळीने लावले तेव्हा बाबासाहेबांचा कोट बारा तऱ्हेचा निळा! चवदार तळ्याचं पाणी कुठे हिरवं, कुठे राखाडी. त्यात एका फलकावर पेन्सिलच्या रेघा तशाच राहिलेल्या. कला शिकलेले एक पाहुणे म्हणाले, "कच्चं काम आहे." तो शब्द लागला.

पुढे जेकब लॉरेन्सबद्दल वाचलं. हा हार्लेमचा कृष्णवर्णीय चित्रकार. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचंच हे हार्लेम. दक्षिणेतला वंशद्वेष आणि दारिद्र्य सोडून उत्तरेच्या शहरांत आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांवर त्याने १९४०-४१ मध्ये ६० चित्रांची मालिका केली. स्वतःचे आईवडीलही त्याच वाटेने आलेले. वय अवघं तेवीस.

त्याची रीत अशी. आधी वाचनालयात बसून अभ्यास, मग प्रत्येक चित्राखालचा मजकूर, मग पेन्सिलने रेखाटन. नंतर साठही फलक एकत्र मांडायचे, एक रंग घ्यायचा आणि ज्या ज्या फलकावर तो हवा तिथे लावत जायचा. गडद रंग आधी, उजळ नंतर. म्हणजे एकही चित्र एकटं पुढे जात नाही. आणि हे त्याने झाकलं नाही. रंग सपाट, ब्रशचे फटकारे उघड, मधूनच पेन्सिलची रेघ डोकावते. आज निम्मी चित्रं वॉशिंग्टनला आणि निम्मी न्यूयॉर्कला आहेत, तरी रंगावरून ती एकाच घरची वाटतात.

आमच्या बापजाद्यांनी चामडं कमावलं, दोर वळले, हलगी मढवली. त्यात हात दिसला म्हणून ते 'काम' ठरलं. जिथे हात लपला ती 'कला', ती दैवी देणगी. कृती झाकली की शिकायची वाटही बंद होते. हा डाव आपल्याला नवा नाही.

आमच्यातल्याच एकाने मात्र हरकत घेतली. "आपल्याला आधीच कच्चे म्हणतात, त्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं? बाबासाहेब सुटाबुटात उगाच राहत होते का?" हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं ते असं: लॉरेन्सची रेघ दिसते, पण ती गबाळी नाही. ६० फलकांची शिस्त तिच्यामागे आहे. आधी ती शिस्त आणा, मग रेघ ठेवा.

यंदा बाराही फलक विहाराच्या फरशीवर मांडले. पहिल्या दिवशी फक्त काळा. निळा एकाच डब्यात कालवला, तो दहाव्या फलकावर संपला. पुन्हा कालवला तर जरा गडद झाला. शेवटचे दोन कोट गडदच आहेत. कुणी विचारलं तर कारण सांगतो.