बर्फ, बोल्ट आणि बंधुप्रेम

यंत्रांचें आणि आमचें कधींच जमलें नाहीं. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविल्यावर मनुष्य फार तर फाउंटनपेनची निब बदलूं शकतो. त्यापलीकडील प्रत्येक गोष्टीसाठीं त्याला सुताराकडे, लोहाराकडे किंवा स्वतःच्या पत्नीकडे धांव घ्यावी लागते. अशा आम्हांला २०२३ सालच्या दिवाळीच्या सुटींत अमेरिकेंत जाऊन ट्रॅक्टरच्या पोटाखालीं डोकें घालावें लागेल, असें भविष्य कोणी वर्तविलें असतें, तर त्या ज्योतिषाला आम्हीं दक्षिणा न देतांच वाटेला लावलें असतें.

आमचे धाकटे बंधू गेलीं पंचवीस वर्षें न्यूयॉर्क संस्थानांत, सिरॅक्यूस शहराच्या उत्तरेस एका खेड्यांत राहत होते. न्यूयॉर्क म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहतात. पण त्या शहरापासून हा भाग मोटारीनें चार-पांच तासांच्या अंतरावर आहे, आणि त्याच्या वायव्येस ऑन्टारिओ नांवाचें समुद्रासारखें सरोवर पसरलेलें आहे. हिवाळ्याच्या आरंभीं या सरोवराचें पाणी अजून उबदार असतें. कॅनडाकडून येणारी थंड, कोरडी हवा त्यावरून जातांना बाष्प उचलते आणि पलीकडची जमीन चढूं लागली कीं तें हिमरूपानें टाकून देते. आम्हां कोंकणांतल्या माणसांना हा व्यवहार समजावयास वेळ लागत नाहीं; समुद्रावरचा वारा सह्याद्रीपाशीं येऊन जें करतो तेंच हें. फरक इतकाच, कीं आपल्याकडचें पाणी वाहून जातें, आणि तेथला बर्फ दारांत बसून राहतो. सिरॅक्यूसला एका हिवाळ्यांत सुमारें १२० इंच बर्फ पडतो, आणि जवळच्या टग हिल पठारावर २०० इंचांहूनही अधिक.

बंधूंच्या घरापासून सडकेपर्यंत खडीची तीनशें फूट वाट होती. ती मोकळी केली नाहीं तर घरची मोटार बाहेर निघत नाहीं, आणि रुग्णवाहिकाही आंत येत नाहीं. यांतलें दुसरें वाक्य आम्हीं सहज लिहिलेलें नाहीं. त्याच वर्षीं जानेवारींत ही वाट फावड्यानें उपसत असतां बंधूंच्या छातींत कळ आली आणि ते बर्फांतच खालीं बसले. थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ओल्या बर्फाचें ओझें हृदयावर एकाएकीं ताण आणतें. त्या देशांत दर हिवाळ्यांत पुष्कळ माणसें अशीं दगावतात. बंधू वांचले. डॉक्टरांनीं दोन स्टेंट बसवून त्यांना घरीं पाठविलें, पण फावड्याला पुन्हां हात लावावयाचा नाहीं या अटीवर.

दसऱ्याच्या सुमारास भावजयीचा फोन आला. "दादा, तुम्ही एकदां याच. हें घर विकून शहरांत लहानशी जागा घ्यावी, एवढेंच माझें म्हणणें. तुमच्याखेरीज ते कोणाचें ऐकणार नाहींत."

थोरलेपणाचा अभिमान हा साठीच्या उंबरठ्यावरही सुखावतो. विमानांतील वीस तासांत आम्हीं एक सुंदर उपदेशपर भाषण मनांत रचलें. त्याला आरंभ होता, मध्य होता, आणि डोळ्यांत पाणी आणणारा शेवट होता. परंतु तें सुरू करण्यापूर्वींच बंधू आम्हांला घरामागच्या शेडमध्यें घेऊन गेले आणि म्हणाले, "दादा, फार वेळेवर आलास. हें एकट्याच्यानें बसवत नाहीं."

शेडमध्यें पंचवीस अश्वशक्तीचा एक छोटा ट्रॅक्टर उभा होता, आणि त्याच्यापुढें जुन्या बाजारांतून आणलेला, साडेचार फूट रुंदीचा लोखंडी जबडा आ वासून बसला होता. हाच स्नोब्लोअर. याची रचना एकदां कळली कीं सोपी वाटते. पुढें आडवें मळसूत्री पातें असतें. तें सावकाश फिरून दोन्ही अंगांचा बर्फ मध्यें आणतें. त्याच्या मागें वेगानें फिरणारा पंखा असतो. तो हा बर्फ वर वळलेल्या नळींतून वीस-तीस फूट दूर भिरकावून देतो. फिरत्या पात्यांनीं बर्फ हटविण्याची कल्पना मूळची आगगाड्यांसाठीं निघाली, आणि १८६९ सालीं तिचा आराखडा करणारे गृहस्थ टोरोंटोचे एक दंतवैद्य होते. पुढें १९२५ सालीं क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनीं स्वतःच्या शक्तीनें चालणारें असें यंत्र तयार केलें. दंतवैद्याला जें सुचूं शकतें तें प्राध्यापकाला निदान जोडतां तरी यावें, या विचारानें आम्हीं कोटाच्या बाह्या सरसावल्या.

कामाची वांटणी प्रथम आम्हांला सोयीची होती: पुस्तक आम्हीं वाचावें आणि हात बंधूंनीं चालवावेत. पण दहा मिनिटांतच उघड झालें कीं, जें इंग्रजी आम्ही आयुष्यभर शिकवीत आलों तें या पुस्तकांत नव्हतें. शिवाय जड वस्तु उचलण्याची बंधूंना मनाई. तेव्हां ते स्टुलावर बसून वाचूं लागले आणि आम्ही जमिनीवर निजलों. ट्रॅक्टरच्या पोटाखालचें गवत कापण्याचें यंत्र आधीं काढावें लागलें, कारण शक्ति घेण्याची जागा तीच. तेथें एक दांडा बाहेर आलेला असतो. तो मिनिटाला सुमारें दोन हजार फेरे घेतो. नंतर पुढची बादली उतरविली, एक लोखंडी चौकट सांगाड्याला पिनांनीं अडकविली, आणि तिच्यावर तो जबडा चढविला. खडीचे दगड उडूं नयेत म्हणून त्याची कड जमिनीपासून एक इंच वर राहील असे खालचे पाय लावले. पुढें एवढें वजन आल्यावर मागचीं चाकें हलकीं होतात. म्हणून मागें वजनाची पेटी टांगली आणि चाकांना सांखळ्या घातल्या.

राहिला तो शक्ति पुढें नेणारा दांडा. जबडा वरखालीं होतो, म्हणून हा दांडा एकांत एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा असतो, आणि दोन्ही टोकांना वळणारे सांधे असतात. आम्हीं तो ओढून वेगळा केला, ग्रीस लावलें, परत घातला, आणि अभिमानानें उठून उभे राहिलों. बंधूंनीं इंजिन सुरू करून यंत्राला शक्ति दिली मात्र, सारा ट्रॅक्टर थंडीताप आल्यासारखा थरथरूं लागला. त्यांनीं तत्काळ सर्व बंद केलें आणि पुस्तकाचें मागचें पान काढलें. दोन्ही 'योक' एका रेषेंत हवेत, असें तेथें लिहिलें होतें.

"योक म्हणजे जूं," आम्ही म्हणालों. हा एकच शब्द आमच्या ओळखीचा निघाला.

"जूंच. तूं तें पाव फेरा फिरवून घातलेंस, दादा."

त्यांतलें इंगित बंधूंनीं समजावून दिलें. वांकडा बसलेला सांधा एकसारखा फिरत नाहीं. दर फेऱ्यांत दोनदां तो पुढें धांवतो आणि दोनदां मागें रेंगाळतो. दोन्ही जुवें एका रेषेंत असलीं तर एकाची चूक दुसरें भरून काढतें. नसलीं तर चूक वाढत जाते. आम्ही पुन्हां आडवे झालों, दांडा नीट बसविला, आणि दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची एकेक खूण केली.

शेवटीं मळसूत्राचे दोन बोल्ट बसवावयाचे होते. उत्साहाच्या भरांत आम्हीं डब्यांतले सर्वांत भक्कम बोल्ट निवडले. बंधूंनीं ते हातांतून काढून घेतले. "हे नकोत. येथें मऊच पाहिजेत. पात्यांत दगड अडकला तर बोल्ट तुटावा आणि गिअरबॉक्स वांचावा. भक्कम घातला तर चार आण्यांचा बोल्ट राहील आणि बाकी सगळें जाईल."

बोलतां बोलतां ते थांबले. आमचें भाषण सुरू करण्याची हीच वेळ होती. परंतु तेच म्हणाले, "तुला तिनें कां बोलावलें तें मला ठाऊक आहे. मी हट्ट धरून बसलेलों नाहीं. घर सोडीन. फावडें माझ्या हातून गेलें तें पडून. घर तरी मला चालत सोडूं दे. दोन हिवाळे दे."

आमच्या भाषणांत याला उत्तर नव्हतें. आम्हीं भावजयीला बोलावलें आणि दोन हिवाळ्यांचा ठराव तिच्यापुढें मांडला. ती बराच वेळ त्या जबड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कबूल. पण चालवीन मी."

आमच्या परतीला दोन दिवस उरले असतां पहिला बर्फ पडला, पांच-सहा इंच. डोक्याला लोकरी टोपी, अंगावर यजमानांचा कोट, अशी ती ट्रॅक्टरवर बसली. पांढऱ्या कारंज्याची कमान कुंपणापलीकडे पडूं लागली. अर्ध्या वाटेंत 'टक्' असा आवाज झाला आणि एका बाजूचें पातें फिरेनासें झालें. खिडकीशीं उभे असलेले बंधू ओरडले, "आधीं इंजिन बंद! हात घालूं नको!" तिनें इंजिन बंद केलें, पातीं थांबलीं आहेत याची खात्री केली, दगड काढला, खिशांतून नवा बोल्ट काढून बसविला, आणि पुढें चालूं लागली. बंधू खिडकींतून हलले नाहींत. त्यांचा चहा निवून गेला.

ठरल्याप्रमाणें दोन हिवाळे पार पडले आणि २०२५ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं घर विकलें. यंत्रही नव्या मालकालाच दिलें. त्याला जोडणी दाखवीत असतां बंधूंनीं मध्यरात्रीं पुण्यास आम्हांला फोन केला. "दादा, त्या दांड्यावरच्या पांढऱ्या खुणा समोरासमोर आणावयाच्या, कीं एक आड?"

"समोरासमोर," आम्हीं झोपेंतच, पण तिळमात्र न अडखळतां सांगितलें. जन्मांत प्रथमच यंत्राविषयीं कोणी आमचा सल्ला विचारला होता.