पायऱ्यांचे उज्जैन

उज्जैनची यात्रा ही मुख्यतः पायऱ्यांची यात्रा आहे. महाकालेश्वराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली. त्याच्यावर ओंकारेश्वर, आणि सर्वांत वर केवळ नागपंचमीला उघडणारे नागचंद्रेश्वर. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात मंदिर पुन्हा उभारले, तेव्हा व्हीलचेअर कुणाच्या मनात असणार! ऑक्टोबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘महाकाल लोक’ने बाहेरचा रस्ता सपाट आणि रुंद केला. पण त्याची लांबी सुमारे ९०० मीटर, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना पुरेशी शिक्षा. ई-कार्ट कुठून सुटते, व्हीलचेअर गाभाऱ्याच्या किती जवळ जाते आणि बाहेर पडण्याचे दार कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारावे. परतीची वाट बहुतेक जण विसरतात आणि पाय नेमके तेव्हाच बोलू लागतात.

पहाटेच्या भस्म आरतीसाठी रात्रीच रांगेत लागावे लागते. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही त्यांनी दुपारचे दर्शन घ्यावे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळलेलीच बरी. २०२८च्या सिंहस्थात तर वाहने दूरवरच अडवली जातील, हे गृहीत धरावे.

रामघाटाच्या पायऱ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात. सोबत्याने लोटाभर क्षिप्राजल वर आणून दिले तरी स्नानाचे समाधान मिळते. संध्याकाळची आरती वरच्या पायरीवरूनही दिसते. सवाई जयसिंहांची वेधशाळा मात्र निवांत आहे. तिथली यंत्रे खालूनही पाहता येतात, आणि एका दिवसाला एवढे पुरे.