आजीची 'रझाकारी'

काचीगुड्यातल्या आमच्या घरात आजी सालं सांगत नसे. "रझाकारीत तुझा काका पोटात होता," असं म्हणायची. तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती, बिदरकडे. मे १९४८ मध्ये जवळच्या गोरट्यावर रझाकार चालून आले. माणसं मारली, घरं लुटली. ते कळताच तिच्या घरचे धान्य तसंच टाकून रातोरात बैलगाडीनं सोलापूरच्या वाटेला लागले.

आणि मागणं तरी काय होतं, मंडळी? जबाबदार राज्यपद्धती! निजामाचं सरकार लोकांनी निवडलेल्या माणसांना बांधील असावं, एवढंच. पण १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली. २ सप्टेंबर १९४७ ला वरंगळकडच्या परकाल गावात तिरंगा लावायला जमलेल्या खेडुतांवर गोळ्या झाडल्या. रझाकारांना तर रान मोकळंच होतं.

हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हा असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. हे नाव आजी आम्हाला मुद्दाम सांगायची.

१७ सप्टेंबरला निजाम शरण आला. मग खेड्यापाड्यांत सूड सुरू झाला, त्यात कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीला सुंदरलाल समिती आली होती. आजी माहेरी परतली तेव्हा शेजारच्या पिंजाऱ्याचं घर जळून गेलेलं होतं. "आमच्या गाद्या तोच पिंजायचा," म्हणायची. ते कुणी जाळलं, हे मात्र तिनं कधीच सांगितलं नाही.