आरिया

दाभोळच्या खाडीकाठी जन्मलेल्या आणि तिथेच म्हातारा झालेल्या माणसाला पोहता येत नाही, असे सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नाही. मला येत नाही. अब्बांनी मला पाण्यात उतरू दिले नाही. घराच्या मागच्या पायरीपर्यंत भरतीचे पाणी यायचे. पण त्या पायरीवर बसायलाही मनाई. इतर मुले पडावांवरून धडाधड उड्या मारायची आणि मी ओट्यावर पाढे म्हणत बसायचो. पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो. तेहतीस वर्षे मुलांना नद्या, सरोवरे, कालवे शिकवले. सगळे नकाशावर.

अब्बा सारंग होते. मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजांच्या बोटींवर त्या काळी कामाच्या वाटण्या ठरलेल्या असत. इंजिनखोलीत पंजाब-सरहद्दीकडचे लोक, सलून आणि भटारखान्यात गोवेकर, आणि डेकवर पुष्कळसे आपले कोकणातले मुसलमान. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. सारंगाच्या गळ्यात रुपेरी साखळी आणि तिला शिटी. अब्बांची ती शिटी मी लहानपणी खुंटीवर पाहिली होती. हात लावायची परवानगी नव्हती. १९६७ साली त्यांनी दर्या सोडला आणि त्यानंतर घरात बोटीचे नाव काढायचे नाही, असा दंडक घातला. लढाईच्या वर्षांत त्यांनी माणसे बुडताना पाहिली होती, एवढेच अम्मा सांगायची.

१९६९ साली भाई, माझे थोरले भाऊ, घरातून न सांगता मुंबईला गेले आणि खलाशाचे पुस्तक काढून बोटीवर चढले. मी तेव्हा तेरा वर्षांचा. अब्बांनी त्यानंतर त्यांचे नाव घेतले नाही. शिटीही खुंटीवरून गेली होती. भाईंनी चोरली, असे मी धरून चाललो. भाई दोन-तीन वर्षांत स्कॉटलंडला ग्लासगोत स्थायिक झाले. १९८९ साली अब्बा गेले, तेव्हाही ते आले नाहीत. मी त्यांना एक पत्र लिहिले. त्यात काय लिहिले होते ते इथे सांगण्यासारखे नाही. पुढची तीस वर्षे आमचे बोलणे दोन ईदींच्या फोनपुरते उरले.

२०२२ साली भाईंच्या मुलाचा फोन आला. "चाचा, वडिलांचं ऑपरेशन झालंय. बरे आहेत, पण सारखं तुमचं नाव घेतात. तुम्ही या. आपण तिघं बोटीनं फिरू." त्याने दोन मित्रांबरोबर भागीत एक मोटर यॉट घेतली होती. लांबी दहा मीटर, आत झोपायच्या चार जागा, लहानसा चुलखंड. मी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

जूनच्या एका सकाळी आम्ही इन्व्हर्नेसहून निघालो. तिथून पश्चिमेच्या कॉर्पाखपर्यंत स्कॉटलंडच्या डोंगररांगांना चिरत जाणारी एक सरळ दरी आहे. त्या दरीत डॉखफूर, नेस, ऑइख आणि लॉखी अशी सरोवरे ओळीने पडलेली आहेत. ती जोडून जो जलमार्ग केला, तो कॅलेडोनियन कालवा. लांबी सुमारे ९७ किलोमीटर. पण खणलेला भाग त्यातला जेमतेम ३५. उरलेले काम निसर्गाने आधीच करून ठेवलेले. वाटेत २९ लॉक. चौदा चढायचे, पंधरा उतरायचे.

लॉक म्हणजे काय, हे मी वर्गात फळ्यावर अनेकदा काढून दाखवले होते. मुंबईच्या इंदिरा गोदीलाही तसा दरवाजा आहे. त्यामुळे ओहोटीतही आत बोटी तरंगत राहतात. पण फळा वेगळा आणि त्या दगडी हौदाच्या तळाशी उभे राहणे वेगळे. पाठीमागचे दोन प्रचंड दरवाजे मिटतात. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या ओल्या भिंती. पुढच्या दरवाजाखालच्या झडपा उघडतात आणि पाणी खळाळत आत शिरते. बोट दोर ताणून धडपडते, हळूहळू वर येते आणि अखेर काठावरच्या माणसांचे बूट आपल्या डोळ्यांसमोर येतात. मी दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होतो. भाई सुकाणूजवळच्या खुर्चीवर कांबळे पांघरून बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, वाळलेले. आमच्यात तोवर जेवणखाण आणि औषधे एवढेच बोलणे झाले होते.

या कालव्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८०३ साली पार्लमेंटने कायदा करून काम सुरू केले. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप हे इंजिनिअर. उत्तरेच्या खवळलेल्या समुद्राचा वळसा टळावा, नेपोलियनशी लढाई चाललेली असताना जहाजांना सुरक्षित वाट मिळावी आणि पोटासाठी परदेशी निघालेल्या डोंगरी लोकांना घराजवळ मजुरी मिळावी, असे तीन हेतू. सात वर्षांत होणारे काम एकोणीस वर्षे चालले. खर्च जवळजवळ दुप्पट झाला. मजूर पीक कापणीला आणि हेरिंग मासळीच्या हंगामाला काम टाकून घरी पळत. आपले मुंबईचे चाकरमानी लावणीला गावी येत, त्यातलाच प्रकार! १८२२ च्या ऑक्टोबरात कालवा खुला झाला तेव्हा लढाई संपून सात वर्षे झाली होती. पैसे पुरेनात म्हणून खोलीही ठरल्यापेक्षा कमी ठेवलेली, आणि पुढे आगबोटी मोठ्या होत गेल्या. ज्यासाठी बांधला त्या कामाला तो फारसा आलाच नाही. आज तिथून आमच्यासारखे हौशी लोक जातात.

लॉख नेसमध्ये शिरलो तेव्हा दुपार झाली होती. काठच्या कुजट मातीने, जिला तिथे पीट म्हणतात, पाणी काळ्या चहासारखे झालेले. खोली २३० मीटर. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचे मिळून जेवढे पाणी होईल, त्याहून अधिक पाणी या एका सरोवरात आहे. १९३३ पासून तिथल्या राक्षसाची बातमी जगभर झालेली आहे. पुतण्या म्हणाला, "चाचा, दिसला तर फोटो काढा." मी मात्र त्या काळ्या पाण्याकडे बघत अब्बांनी पाहिलेल्या बुडत्या माणसांचा विचार करत होतो.

फोर्ट ऑगस्टसला पाच लॉक एकाला एक लागून आहेत. गावाच्या मधोमध पाण्याचा जिना. आम्ही दोर हातात धरून काठाने चालत बोट एका हौदातून दुसऱ्यात नेली आणि दोन्ही बाजूंची माणसे आइस्क्रीम खात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ऑइखवर पोहोचलो. हा सगळ्यात उंच टप्पा, समुद्रसपाटीपासून ३२ मीटर. त्यापुढे दोन्हीकडे उंच झाडी असलेला अरुंद कालवा लागतो आणि मग लॅगनचे लॉक. तिथून उतरण सुरू.

तोवर मला थोडी भीड चेपली होती. पुढचा दोर मी मागून घेतला. चढताना दोर ओढून घट्ट ठेवायचा असतो, तो मी ठेवत आलो होतो. लॅगनलाही मी तो तसाच घट्ट ओढला आणि बोटीवरच्या खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन उभा राहिलो. उतरताना पाणी खाली जाते आणि बोटीला त्याच्याबरोबर खाली जायचे असते, हे भूगोलाच्या मास्तराच्या ध्यानात आले नाही. बोटीचे तोंड वरच राहिले. बूड खाली जाऊ लागले. केबिनमध्ये भांडी घरंगळली. दोर करकरू लागला. पुतण्या मागच्या दोराशी अडकलेला. लॉकचा माणूस झडप बंद करायला धावला. मी गोठून उभा.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आरिया! आरिया!"

हा शब्द मी तेहतीस वर्षांत ऐकला नव्हता. जहाजावरच्या खलाशांची बोली. दोर सैल सोड, असा त्याचा अर्थ. घरात बोटीचे नाव काढायचे नाही म्हणणारे अब्बा विहिरीवर मात्र विसरायचे. घागर वर ओढताना "हाबेस" आणि खाली सोडताना "आरिया". तो आवाज अगदी अब्बांचा होता. डोक्याने काही ठरवण्याआधी माझ्या हातांनी वेढे सोडले. शेवटचा फास मारला नव्हता म्हणून वेढे सुटले. बोटीचे तोंड धाडकन पाण्यावर आदळले. सगळे भिजलो, पण कोणाला काही लागले नाही. वळून पाहिले तर भाई कांबळे टाकून डेकवर उभे होते, थरथरत.

त्या रात्री लॉखी सरोवराच्या काठी बोट बांधली. तिथे जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो. पुतण्या झोपला. भाईंनी आतून एक रुमाल आणला आणि माझ्यापुढे उलगडला. रुपेरी साखळी आणि शिटी.

"चोरली नाही मी," ते म्हणाले. "तुझ्या पत्रात होतं ना तसं, म्हणून सांगतो. बोट सुटायच्या दिवशी अब्बा गोदीच्या दरवाजावर आले होते. रात्रीच्या गाडीनं आले असतील. काही बोलले नाहीत. शिटी हातात दिली आणि निघून गेले."

मला आधी राग आला, हे कबूल करतो. मी त्यांचे सगळे ऐकले. पाण्यात पाय घातला नाही. मुंबईची नोकरी सोडून गावी राहिलो. आणि शिटी न ऐकणाऱ्याला! मी तसे बोलूनही दाखवले.

भाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिटी मला दिली, पण अब्बा तर तुलाच दिले ना! वीस वर्षं. तुझी तार मला मिळाली तेव्हा माती होऊन सहा दिवस झाले होते. कोणाला तोंड दाखवायला येऊ? तुझं पत्र आलं, तेव्हा वाटलं, बरोबरच लिहिलंय."

"मला का नाही कळवलंत हे?"

"तू का नाही विचारलंस?"

दोघांकडेही उत्तर नव्हते. मी चहा केला. अब्बांच्या शेवटच्या वर्षांच्या गोष्टी भाईंनी एकेक करून विचारल्या. काय खायचे, कुठे बसायचे, दम कधी लागायला लागला. मी सांगत गेलो. खाडीकडच्या खिडकीशी ते बसत, हे सांगितले तेव्हा माझ्याच लक्षात आले की तिथून दाभोळचे बंदर दिसते.

बॅनव्हीला आठ लॉकचा उतार आहे. त्याला नेपच्यूनचा जिना म्हणतात. उतरायला दीड तास लागला. समोर बेन नेव्हिसचा डोंगर, माथ्यावर ढग. पुढचा दोर भाईंनी मलाच धरायला लावला. खुंट्याला एक वेढा, उरलेला हातात, आणि पाण्याबरोबर सोडत जायचा. एका हौदात मला घाई झाली. पुढचा दरवाजा उघडत का नाही, म्हणून मी लॉकच्या माणसाला विचारले. तो हसून म्हणाला, दोन्हीकडचे पाणी एका पातळीला आल्याशिवाय कोणाच्या बापाला हा दरवाजा उघडणार नाही. बोटभर जरी फरक असला तरी पाणी त्याला दाबून धरते. पातळी सारखी झाली की सहज सरकतो. पुतण्याने ते मला समजावून सांगितले. भाई दुसरीकडे बघत होते. पण ऐकत होते.

कॉर्पाखला शेवटचा लॉक. त्यापलीकडे समुद्र. दरवाजे उघडले आणि खारा वास आला, आपल्या खाडीचाच. भाईंनी शिटी माझ्या हातात ठेवली. "ने घरी. खुंटीवर लाव."

मी ती फुंकून पाहिली. नुसती हवा गेली. मग भाईंकडे दिली. त्यांनी फुंकली. धक्क्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिले. शिटी मी त्यांच्याजवळच राहू दिली. खुंटी आहे तिथे आहे. लावायला त्यांनी स्वतः यावे, असे सांगितले.

२०२३ च्या जानेवारीत ते आले. तीन आठवडे राहिले. रोज संध्याकाळी भरतीच्या वेळी आम्ही दोघे मागच्या पायरीवर पाय सोडून बसत होतो. पाणी घोट्यापर्यंत येत असे.