आमच्या घरात खूप चिंध्या आहेत



मागच्या वर्षी माझ्या लेकीला शाळेत 'माझे घर' या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. ती तेव्हा दुसरीत होती. पहिली चार वाक्ये आपण सगळे मुलांकडून लिहून घेतो तशीच. माझे घर लहान आहे. माझे घर स्वच्छ आहे. घरात आम्ही तिघे राहतो. मला माझे घर खूप आवडते. आणि पाचवं वाक्य तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, "आमच्या घरात खूप चिंध्या आहेत." खाली बाईंनी लाल पेनने 'छान' असा शेरा दिला होता.

मी वही वाचली आणि आधी हसले. मग दुसरं आणि पाचवं वाक्य पुन्हा वाचलं आणि हसू जरा कमी झालं. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका. डी.एड. झाल्यापासून वर्गात स्वच्छतेवर किती वेळा बोलले असेन याचा हिशेब नाही. पण पोरगी खोटं काय लिहीत होती? चिंध्या होत्याच. आणि स्वच्छ हा शब्द तिनं फक्त वाक्य पूर्ण करायला घेतला होता.

या चिंध्या घरात आल्या कशा ते सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. सुगी आटोपली, उन्हं तापायला लागली की आई अंगण झाडून घ्यायची, जुनं लुगडं ताणून अंथरायची आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची. त्यावर विरलेल्या कपड्यांचे थर, वर तुकड्यांची जोडणी. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर पक्के धरायचे, मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चौकटीत चौकट घालत आत आत यायचं. शेजारच्या बायका येता-जाता बसायच्या, दोन ओळी घालून जायच्या. कुणाचा टाका बारीक, कुणाचा मोठा, ते वाकळ पांघरणाऱ्यालाही कळायचं.

आई गेली त्या वर्षी मी माहेरून एक बोचकं घेऊन आले. त्यात तिनं जमवलेले कपडे होते आणि एक अर्धी शिवलेली वाकळ होती. कडेनं पाच फेरे पूर्ण, सहावा निम्म्यावर, आणि दोऱ्यासकट सुई कापडात टोचून ठेवलेली. मी ते बोचकं कॉटखाली सरकवलं. शिवायचं धाडस होईना आणि बाहेर टाकायचा तर प्रश्नच नव्हता.

मग मला वाटलं, आधी लहान काहीतरी शिवून हात बसवावा. नणंदेच्या बाळाला एक दुपटं शिवलं. ते सगळ्यांना आवडलं, आणि इथेच घोळ झाला. आपण शिवतो हे एकदा लोकांना कळलं की प्रत्येकाला आपल्या घरातले जुने कपडे आठवतात! शेजारच्या काकूंनी पिशवी आणून दिली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं कातरणाचं पोतं दिलं. शाळेतल्या मॅडमनी मुलाचे जुने युनिफॉर्म दिले. 'नको' म्हणायला जीभ वळेना. बघता बघता कॉटखाली दोन बोचकी, कपाटावर तीन पिशव्या, दाराआड एक पोतं. दोन खोल्यांचं घर. एकाच वेळी तीन गोधड्या सुरू केलेल्या, पूर्ण एकही नाही. पाहुणे येणार म्हटलं की सगळं गोळा करून चादरीखाली लपवायचं आणि ते गेले की परत पसरायचं. आवरणं असं त्याला मी म्हणत होते.

जानेवारीत एका संध्याकाळी लेक पळत आली आणि खाली बसून ओरडली. टाचेत सुई गेली होती. बाहेर निम्मीच आली. उरलेली आत मोडली होती. रात्री दवाखाना, एक्स-रे, टाच बधिर करून तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन टाके. ती रडून रडून झोपली. मिस्टर मला एक शब्द बोलले नाहीत. सकाळी उठले तर सगळी बोचकी, पिशव्या, पोतं दारात ओळीनं मांडून ठेवलेलं, घंटागाडीची वाट बघत. त्यात आईचं बोचकंही होतं.

मी त्यांना काय बोलणार? चूक माझीच होती. मी गुपचूप आईचं बोचकं उचलून आत आणलं. त्यांनी पाहिलं, काही म्हणाले नाहीत. घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं तशी मी बाकीचंही आत ओढलं, आणि म्हटलं, "मे महिन्यापर्यंत मुदत द्या. तेव्हाही असंच राहिलं तर मी स्वतः गाडीत टाकीन." तोवर सगळं दोरीनं बांधून माळ्यावर चढवलं.

त्यानंतर महिनाभरात २३ फेब्रुवारी आली. गाडगेबाबांची जयंती आपण सगळेच शाळेत साजरी करतो. मी मुलांना नेहमीप्रमाणे माहिती सांगत होते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेणगावला जन्म, नाव डेबूजी, हातात खराटा, अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. तिसरीतल्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, बाबा कचरा झाडायचे ना? मग चिंध्या अंगावर कशा घालायचे? चिंध्या कचराच असतात की."

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अरे, त्या शिवलेल्या होत्या!"

बघा, मी वर्षभर ज्याच्याशी झगडत होते ते त्या मुलीनं चार शब्दांत सांगितलं. माझ्या घरात होतं ते सगळं न शिवलेलं होतं. आणि जे मी शिवणार नाही ते कितीही जिव्हाळ्यानं ठेवलं तरी जागा अडवणारच होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला सोबत घेऊन मी सगळं माळ्यावरून खाली काढलं. पहिलीच्या गणितात आपण वर्गीकरण शिकवतो ना, तेच केलं. आम्ही काय काय ठरवलं ते इथे देते, कारण हे कापडापुरतंच नाही. जुनी पुस्तकं, खेळणी, शैक्षणिक साहित्य, सगळ्याला लागू होतं.

पहिलं, कापड ओळखायचं. गोधडीला सुती कापड बरं. घाम टिपतं, सुई सहज जाते. शंका आली तर मी एक धागा काढून चिमट्यात धरून जाळायचे, लेक लांब बसून बघायची. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. विज्ञानाचा पाठच झाला. मणी झाला की ते कापड बाहेर. निम्मं पोतं इथेच कमी झालं.

दुसरं, जोर बघायचा. तुकडा उजेडासमोर धरायचा आणि दोन्ही हातांनी ताणायचा. टरकन फाटला तर तो वरच्या जोडणीत नको, फार तर आतल्या थरात.

तिसरं, आकार. लेकीच्या वितीपेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही. लहान तुकडे एका उशीच्या अभ्र्यात भरत जायचे. अभ्रा भरला की शिवून टाकायचा, झाली उशी. दुसरा अभ्रा मिळत नाही.

चौथं, धुतल्याशिवाय काही आत ठेवायचं नाही. नवं कापड तर भिजवून, वाळवूनच घ्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, गोधडीला चुण्या पडतात, रंग उतरतो तो वेगळाच.

पाचवं, एक ट्रंक. झाकण लागलं पाहिजे. लागत नसेल तर नवीन पिशवी घ्यायची नाही, समोर कोणीही असो.

सहावं, एका वेळी एकच गोधडी.

आणि सातवा नियम लेकीचा. एका डबीत पाच सुया. शिवायला बसताना पाच मोजायच्या, उठताना पाच मोजायच्या. मोजणार ती. आजही पाच झाल्याशिवाय ती कुणाला त्या चटईवरून उठू देत नाही. टाचेवर अजून वण आहे.

बाकी कपडे? चांगले होते ते धुऊन, घडी घालून ज्यांना लागतील त्यांना दिले. काहींची पायपुसणी केली, काहींची शाळेत फळा पुसायची फडकी. जे कशातच बसेना ते मात्र मी स्वतः घंटागाडीत टाकलं. त्यात आईच्या बोचक्यातली एक टेरिलिनची साडीही होती. ती टाकताना हात थांबला होता, खोटं कशाला सांगू? पण आईनं ती कधी आवडीनं नेसलेली मला आठवत नव्हती. कुणी दिली म्हणून तिनंही ठेवली असणार. म्हणजे माझा आजार कुठून आला तेही समजलं.

मग आईची वाकळ काढली. सहाव्या फेऱ्यापासून पुढे मी सुरू केलं. लेक म्हणाली, "मम्मी, मला पण." तिला एक ओळ दिली. तिचे टाके केवढे! एक बोटभर, एक नखाएवढा, ओळ सरळ जायच्या ऐवजी आईच्या फेऱ्यात घुसलेली. मी तोंडानं "वा, छान" म्हटलं. आणि रात्री ती झोपल्यावर तिची ओळ उसवली आणि सरळ घालून टाकली.

शिक्षक मित्रांनो, मुलांना कळत नाही असं आपल्याला वाटतं. सकाळी तिनं वाकळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "माझे टाके कुठे गेले?" मी म्हटलं, "तेच आहेत गं." ती म्हणाली, "नाहीत. हे तुझे आहेत." एवढंच बोलून उठली. आठ दिवस ती सुईजवळ आली नाही. सुयाही मोजल्या नाहीत.

त्या आठ दिवसांत मला माझ्या वर्गातली कितीतरी पोरं आठवली. ज्यांची चित्रं प्रदर्शनाआधी मी 'जरा नीट' करून दिली होती. ज्यांची वाक्ये खोडून मी माझी लिहून दिली होती. ती मुलं नंतर "मॅडम, तुम्हीच लिहा" म्हणायला लागली, तेव्हा मी त्यांना आळशी म्हटलं होतं. घर आवरायच्या नादात मी पसारा काढायला शिकले होते खरं, पण पोरीचे टाकेही पसाऱ्यात धरले. आईच्या अंगणात येणारी-जाणारी बाई दोन ओळी घालून जायची. आईनं कुणाची ओळ उसवलेली मी पाहिली नाही.

मी लेकीला खरं सांगितलं. "मी उसवले. चुकलं माझं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला केशरी दोरा पाहिजे. म्हणजे तू काढलास तर मला कळेल." मी केशरी दोरा आणून दिला. मृगाच्या तोंडावर वाकळ पूर्ण झाली. बाहेरचे साडेपाच फेरे आईचे, आतले माझे, आणि त्यातून एक केशरी ओळ पायवाटेसारखी कशीही गेलेली.

शाळा उघडल्यावर मी उरलेले तुकडे वर्गात नेले. सहा इंची चौरस कापून दिले आणि विचारलं, रुंदीला १० आणि लांबीला १४ तुकडे लावले तर किती तुकडे लागतील? १४० हे मुलांनी काढलं. गोधडी केवढी होईल? ६० इंच बाय ८४ इंच, असं सगळे म्हणाले. मग दोन तुकडे जोडून दाखवले. शिलाईत दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच जातो, म्हणजे प्रत्येक तुकडा अर्धा इंच घटतो. पुन्हा गणित केलं तर ५५ बाय ७७. "मॅडम, एवढी गेली कुठं?" असं एकानं विचारलं आणि मग तुकडा उलटा करून त्यानंच उत्तर शोधलं. चौरस कर्णावर कापून त्रिकोण झाले, चार तुकड्यांतला एक रंगीत म्हणून पाव झाला. सुई मात्र मुलांच्या हाती दिली नाही, डिंकानं कागदावर चिकटवलं. त्यांच्या जोडण्या वाकड्या होत्या. तशाच भिंतीवर लावल्या.

पालकांना एक विनंती. सुट्टीत घर आवरताना मुलांना बाहेर खेळायला पाठवू नका. त्यांना सोबत बसवा. काय ठेवायचं, काय द्यायचं, काय टाकायचं हे त्यांना ठरवू द्या, आणि त्यांच्या वस्तू त्यांना न विचारता टाकू नका. वेळ दुप्पट लागेल. पण मोजणं, वर्गीकरण, कारण सांगणं, सगळं त्यात येतं.

आमचं घर आता एकदम टापटीप झालंय असं समजू नका. ट्रंकेचं झाकण कधी कधी बसून लावावं लागतं. काल शेजारच्या काकू पुन्हा एक पिशवी घेऊन आल्या. मी "या ना" म्हणायच्या आत लेक दारात गेली आणि विचारलं, "काकू, सुती आहे का?"