शंभर एकसारखी

दिवाळीच्या फराळात करंजीची जात मला नेहमीच निराळी वाटत आली आहे. चकलीचे जे काही असते ते सर्वांसमक्ष असते. करंजीचे तसे नाही. तिच्या पोटात काय आहे आणि किती आहे, हे फक्त करणारीला ठाऊक. सारण जास्त झाले तर ती तेलात फुटते, कमी झाले तर नुसती खुळखुळते. आणि मुरड सैल पडली, तर ती एकटी बिघडत नाही, कढईतल्या साऱ्या बहिणींना काळे करून जाते. म्हणून आमच्या घरी मुरड घालायचे काम कोणाही सोम्यागोम्याकडे जात नाही.

हे सारे माझ्या मनात आले ते मात्र दूर अमेरिकेत, बंदुकीची काडतुसे भरली जात असताना! मॅट्रिकवर थांबलेल्या शाळामास्तराचा आणि बंदुकीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आमच्या दाजींचा. माझी थोरली मावसबहीण आणि दाजी ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राहतात. परवाच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी मला हट्टाने बोलावून घेतले. तिथून जवळच व्हँडेलिया नावाचे गाव आहे. १९२४ पासून २००५ पर्यंत उडत्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्यांची मोठी वार्षिक स्पर्धा तिथे भरत असे. २००६ साली ती इलिनॉयमधल्या स्पार्टा गावी गेली. स्पर्धा गेली, पण दाजींना लागलेला नाद काही गेला नाही.

हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. १९६२ साली बिकानेरचे महाराज कर्णीसिंह यांनी कैरोच्या जागतिक स्पर्धेत आणि २००४ साली राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळवली, ती याच घराण्यातल्या खेळांत. पूर्वी यात खरी कबुतरे सोडत. मग काचेचे गोळे आले; आणि १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्कीने मातीची तबकडी काढली. आता ती डांबर आणि चुनखडीची असते, जेमतेम अकरा सेंटिमीटर रुंद. दोरी ओढून कबुतराची पेटी उघडण्याचे दिवस कधीच सरले. तरी नेमबाज अजून ‘पुल!’ म्हणजे ‘ओढ!’ असेच ओरडतो आणि तबकडीला ‘पक्षी’च म्हणतो. शब्द वस्तूपेक्षा किती चिवट असतात पाहा!

पण मला खरी मौज वाटली ती मैदानावर नव्हे, दाजींच्या गॅरेजमध्ये. एकदा उडवलेले काडतूस फेकून न देता त्याचे टरफल घरी आणायचे आणि पुन्हा भरायचे, ही त्यांची पद्धत. टेबलाला विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावी बनलेले एक यंत्र जखडलेले आहे. त्याला पाच थांबे. पहिल्या थांब्यावर टरफलाच्या बुडाची जळकी टोपी निघते आणि फुगलेले पितळ पुन्हा मापात येते. दुसऱ्यावर नवी टोपी बसते. ठिणगी पडते ती हिच्यातून. तिसऱ्यावर ग्रॅम-सव्वा ग्रॅम दारू, तिच्यावर प्लास्टिकची एक वाटी आणि वाटीत शिशाचे छर्रे. दाजींच्या मापाने २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेतीनशे. चौथ्यावर टरफलाच्या तोंडाला आठ चुण्या पडतात, थेट मोदकाच्या कळ्यांसारख्या. आणि पाचव्यावर त्या दाबून तोंड बंद होते. झाली मुरड!

त्या टेबलाचे नियम देवघरासारखे कडक. दारूचा एका वेळी एकच डबा बाहेर. रेडिओ बंद. बोलणे नाही. आणि वाटी बसवण्यापूर्वी प्रत्येक टरफलात टॉर्च मारून पाहायचे. चुकून दुप्पट दारू पडली तर नळी फुटू शकते. फारच कमी पडली तर वाटी नळीतच अडकते, आणि पुढचा बार त्याहून घातक होतो.

“आणि मास्तर,” दाजी म्हणाले, “ती बंदूक माझ्या मुलीच्या गालाला टेकलेली असते.”

माझी भाची सतरा वर्षांची आहे आणि शाळेच्या संघातून खेळते. अंगाने किरकोळ. बाजारच्या जड काडतुसांचा धक्का शंभर वेळा खांद्याला बसला की डोळा आपोआप मिटू लागतो. म्हणून दाजी तिच्यापुरती हलकी काडतुसे घरी भरत. स्वतः त्यांनी बंदूक खाली ठेवली आहे. तीन वर्षांपासून त्यांना कंपवात आहे.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर गप्प बसून पाहत होतो. यंत्रातली दारू मापाच्या भोकातून पडते. हात एका लयीत चालला तर ती सारखी पडते, धक्के बसले तर मापात घट्ट बसून जास्त भरते. दाजींचा उजवा हात त्या दिवशी लयीत नव्हता. पन्नासेक भरून झाली आणि ते थांबले. मग एक काडतूस त्यांनी उकलले आणि दारू काट्यावर तोलली. वजन बरोबर होते. तरी त्यांनी सगळीच्या सगळी एकेक करून मोडली.

शेवटचे मोडून झाल्यावर ते म्हणाले, “वजन बरोबर होतं. पण प्रत्येकात मी टॉर्च मारून पाहिलं की नाही, हे मला आठवेना.”

मग त्यांनी मुलीला हाक मारली आणि आपल्या खुर्चीवर बसवले. स्वतः शेजारी उभे राहिले, डाव्या हातात टॉर्च घेऊन. ती दांडा ओढी, ते आत पाहत आणि मान हलवत. तिने घाई केली की टेबलावर बोटाची एक टकटक. रात्री दहापर्यंत शंभर झाली. ताई दोनदा जेवायला बोलावून गेली. कोणी उत्तर दिले नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. आमच्या धंद्यात एका वाक्यासारखे दुसरे आले की समीक्षक चिमटा काढतात. त्यामुळे सारखेपणा म्हणजे कंटाळा, अशी माझी समजूत होऊन बसली होती. त्या रात्री शंभर एकसारख्या वस्तू पाहताना वाटले, एखाद्या माणसाची काळजी वाहायची ती अशीच वाहावी लागते. शंभराव्या खेपेलाही पहिल्याइतकी. घरोघर रोज त्याच चवीची आमटी करणारी माणसे हे कधीपासून जाणतात. फक्त त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने शंभरातले त्र्याण्णव पक्षी फोडले. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा दाजी वाकून गवतातली टरफले गोळा करत होते. ती धावत आली आणि त्यांच्या हातातली पिशवी धरून म्हणाली, “सात गेले बाबा. पण ते माझे. काडतुसं सगळी सारखी होती.”

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी टरफले मोजली आणि पिशवीचे तोंड बांधायला तिच्याकडे दिले.