मी प्लायवूडच्या बाजूने बोलू लागलो

फर्निचरच्या धंद्यात उमेदवारी केली तेव्हापासून माझं मत ठाम होतं: लाकूड म्हणजे अखंड लाकूड. प्लाय, ब्लॉकबोर्ड वगैरे परवडत नाही म्हणून वापरायचं. अखंड लाकडातही पहिला मान रेल्वेच्या जुन्या स्लीपरला. लिलावातून वखारीत आलेला तो काळा ओंडका रंध्याखाली घातला की आतून मधाचा रंग उघडायचा. इतकी वर्षं ऊन, पाऊस आणि गाड्यांचा भार सोसलेलं लाकूड आता कशाला हलेल, असं मी गिऱ्हाइकाला मनापासून सांगायचो. आज मी तेच लाकूड घरात घेऊ नका म्हणतो, आणि कपाटासाठी चांगला प्लाय सुचवतो.

सुरुवात त्या काळ्या रंगापासून झाली. पुष्कळशा स्लीपरांत क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल, दाबाखाली मुरवलेलं असतं. वाळवी त्यानेच दूर राहते. पण ते कर्करोगाला कारण ठरू शकतं, म्हणून युरोपात असं लाकूड घराच्या आत वापरायला मनाई आहे. हे कळल्यावर स्लीपरचं जेवणाचं टेबल करायला माझा हात धजेना.

मग स्लीपरचा इतिहास वाचत गेलो. एकोणिसाव्या शतकात एक मैल लोहमार्गाला 1,760 ते 2,000 स्लीपर लागत. हिमालयातले देवदार नद्यांतून वाहत खाली येत. 1864 साली ब्रिटिशांनी वनखातं काढलं, त्यामागे रेल्वेची ही भूक मोठं कारण होती. ज्या टिकाऊपणाचं मी कौतुक करायचो, त्याची किंमत कुठल्या डोंगरांनी मोजली ते तेव्हा उमगलं.

लाकडाच्या जागी काँक्रीटचा स्लीपर आला तो केवळ स्वस्ताईसाठी, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात त्यात कितीतरी डोकं खर्च झालं आहे. काँक्रीट कडक, त्यामुळे रुळाखाली रबरी पॅड हवा. खिळा ठोकता येत नाही, म्हणून रूळ सतत दाबून धरणारी लवचिक क्लिप. सिग्नलचा प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये काचतंतू भरलेल्या नायलॉनचा लायनर. रूळ वेल्ड करून लांबच लांब सलग केले, की उन्हाळ्यात ते वाकू पाहतात; त्यांना जागेवर धरायला अडीचशे किलोंहून जड स्लीपर आणि भरपूर खडीच हवी. लखनौच्या आरडीएसओसारख्या रेल्वे संशोधन संस्थेत हेच काम चालतं. माणसाने घडवलेल्या स्लीपरमागे एवढा विचार असेल, तर मग प्लायलाच मी कमअस्सल का समजत होतो?

त्याचं उत्तर एका चाचणी प्रयोगशाळेत मिळालं. मरीन प्लायचे तुकडे तिथे सलग 72 तास उकळत ठेवले होते. मानकच तसं आहे. मग तिथल्या तंत्रज्ञाने तुकडा पकडीत आवळून पटाशी माझ्याच हातात दिली. ‘‘तुम्हीच उचकटा.’’ मी ग्लूच्या रेषेत पटाशी घालून जोर केला. पापुद्रा निघाला, पण ग्लूवरून सुटून नव्हे. लाकूडच फाटलं, आणि त्या तपकिरी रेषेवर धागे चिकटून राहिले. इतक्या उकळण्यानंतरही सांधा लाकडापेक्षा मजबूत! ती तपकिरी रेषा फिनॉलिक रेझिनची. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं-आकसतं. थर काटकोनात एकाआड एक बसवले की ते एकमेकांना आवरतात. हे मी कामात रोज पाहत होतो, त्यामागचा विचार मात्र तेव्हा पटला.

याचा अर्थ बाजारातला प्रत्येक प्लाय चांगला, असं मुळीच नाही. स्वस्त मालातलं यूरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन दमट हवेत हळूहळू वायू सोडत राहतं. बंद खोलीत कापायला घेतलं की कारागिरांच्या डोळ्यांना धार लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. म्हणून गिऱ्हाइकाला मी आधी सनमायकाचा रंग दाखवत नाही. प्लायची प्रत आणि वायूचं प्रमाण काय ते विचारायला लावतो.

आणखी एका गोष्टीने माझं मन वळवलं. यमुनानगरच्या आसपासचे शेतकरी गव्हासोबत पॉप्लर लावतात. सहा-आठ वर्षांत झाड तोडणीला येतं आणि त्याचा पातळ पापुद्रा निघतो. त्या मऊ लाकडाचं अखंड कपाट मी कधीच केलं नसतं. ग्लूच्या संशोधनामुळे ते कामाला येतं, आणि तेवढं जंगल वाचतं.

एका बाबतीत मात्र मी अजून अडून आहे. पार्टिकल बोर्डातून स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात तो पुन्हा धरत नाही. भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबं कपाट उघडून दुसरीकडे नेतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बदलीला ते भंगारात जातं. सागवानाचं कपाट मी भोक बुजवून पुन्हा उभं करू शकतो. बोर्डाच्या कडेत स्क्रू वारंवार धरेल, असं काहीतरी प्रयोगशाळांनी शोधायला हवं. कुणी करत असेल, तर चाचणीसाठी माझा कारखाना आणि कारागीर द्यायला मी तयार आहे.